पेन्सिल माही, शाई तुही

नववीच्या पहिल्या आठवड्यात मेश्राम बाई एकेका मुलीला टेबलाजवळ बोलवायच्या, चौकटीचा एक कागद पुढे ओढायच्या आणि ती मुलगी अकरावीच्या बोर्डात कुठे पोचेल ते पेन्सिलीने काढून दाखवायच्या. त्यासाठी त्यांना हात पाहावा लागत नसे की पत्रिका. आठवीचे मार्क पुरत.

माझी पाळी आली तेव्हा मी अठ्ठावन्न टक्के सांगितले आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. बाईंनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक जाड वही काढली आणि तिच्यातल्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

“तुह्यासारख्या एकोणीस पोरी ह्या शाळेतून शिकून गेल्या,” त्या म्हणाल्या. “आठवीत सगळ्या तुह्याच आसपास. बोर्डात कोणी सत्तरले पोचली, कोणी सेहेचाळीसले. मी तुले सत्तरवालीचं सांगत नाही, न सेहेचाळीसवालीचंही नाही. एकोणीस जणींना रांगेत उभं केलं तर दहावी कोण? मधली पोरगी. थे एकसष्टले पोचली. तुही रेघ तिथवर.”

आणि पट्टी धरून त्यांनी डावीकडून उजवीकडे हळूहळू चढत जाणारी एक बारीक रेघ ओढली. खाली परीक्षांची नावं होती: नववीची तिमाही, छमाही, सालाना, मग दहावीच्या तीन, मग अकरावीचं बोर्ड, तेव्हा शाळा तिथेच संपायची. प्रत्येक परीक्षेनंतर आपला ठिपका मुलीने स्वतः शाईने ठेवायचा. “पेन्सिल माही, शाई तुही,” हे त्यांचं वाक्य. “रेघ मी खोडू शकतो. ठिपका तुले नाही खोडता येणार.”

आमच्या बालाघाटच्या मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवत आणि निकालाचं सगळं काम पाहत. बुटक्या, सावळ्या, चालताना खांदे मागे टाकून चालणाऱ्या. बाराही महिने काळी छत्री आणि तो पत्र्याचा डबा बरोबर. माहेर भंडाऱ्याकडचं. नवरा मँगनीजच्या खाणीत टाइमकीपर होता, तो तरुणपणीच गेला. मूल नव्हतं. ज्या वर्षी आमचा जिल्हा नव्या राज्यात गेला त्याच वर्षी त्या नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्या होत्या. ही गोष्ट गावाला माहीत होती. त्या स्वतः तिच्याबद्दल शाळेत बोलत नसत.

हे रेघेचं खूळ कुठून आलं, असं मी त्यांना पुढे एकदा विचारलं होतं. तेव्हा म्हणाल्या, “माह्या मास्तरनं माहं आडनाव पाहून सांगितलं का चौथीपुढं नाही जमणार. मार्क त्यानं पाहिलेच नाही. म्हणून मी मार्क सोडून काहीच पाहत नाही. बाप कोण, घर कसं, भाषा कोणती, मले काही घेणंदेणं नाही.”

वाक्य चांगलं होतं. पुढे तेच त्यांना नडलं.

माझ्या बाकावर शेवंता बसायची. वारासिवनीच्या एका भातगिरणीतल्या मुकादमाची ती मुलगी. मी रामपायलीची, मावशीकडे राहून शिकणारी, आणि तीही माझ्यासारखीच काकाकडे राहिलेली. तिची रेघ एक्केचाळीसवर संपत होती, म्हणजे पास होण्यापुरत्या मार्कांच्या जरा वर. एकीचा कागद दुसरीला दाखवायचा नाही, असा बाईंचा कडक नियम होता. शेवंताने मात्र पहिल्याच दिवशी मला आपला कागद दाखवला. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

नववीच्या तिमाहीत मी वर्गात पहिली आले. ठिपका ठेवायला गेले तर बाई म्हणाल्या, “पहिल्या नंबरचं मले नको सांगू. रेघ काय म्हणते?”

रेघ म्हणत होती, अर्धा चौकोन खाली.

शेवंताचा ठिपका तिच्या रेघेच्या चार चौकोन वर पडला. बाईंनी डब्यातून राजगिऱ्याचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. वर्गात पहिली आलेली मी आणि लाडू त्रेचाळीस मार्कांच्या शेवंताला. मी इतकी चिडले की मधल्या सुट्टीत तिच्याशी बोललेच नाही. तिने लाडू मोडला. तुकडे काही सारखे पडले नाहीत. लहान तुकडा तिने माझ्यापुढे धरला.

“घे. खालच्या पोरीले लहान तुकडा.”

मी तो घेतला. लाडू चांगला होता. त्या वर्षभर कोण वर आणि कोण खाली त्यावर आमच्या तुकड्यांचं माप ठरलं.

वर्षाअखेरीस रेघेची कीर्ती पालकांपर्यंत गेली. गावाकडच्या माणसाला टक्के आणि श्रेणी कळत नाहीत, रेघ कळते. माझे बाबा बाजाराच्या दिवशी शाळेत आले तेच कागद पाहायला. कटंगीकडची एक सोयरीक आली होती. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, आणि मला अकरावी करायची होती. त्यापुढे कॉलेजही करायचं होतं, पण ते मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

बाबा व्हरांड्यात पायरीवर बसले, कागद मांडीवर घेऊन.

“बाई, धानाच्या बांधीत पाणी किती पाह्यजे थे मी काडी रोवून पाहतो,” ते म्हणाले. “ही तुमची काडीच झाली म्हणा.”

“हौ, काडीच समजा.”

“मंग ऐका. दहावीच्या छमाहीले पाणी काडीवर असन तर मी त्या लोकाइले नाही म्हणतो. खाली गेलं तर पोरगी घेऊन जातो. तुमी आडव्या नाही याचं.”

“नाही येणार,” बाई म्हणाल्या. “रेघ खोटं बोलत नाही.”

मी तिथेच खांबाला टेकून उभी होते. मला अजिबात भीती वाटली नाही. सालानाला माझा ठिपका रेघेच्या एक चौकोन वर पडला होता आणि मला अभ्यासाचा कंटाळा नव्हता. सौदा मला मान्य होता.

जुलैत दहावीचा वर्ग सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी कळलं की आमची मराठी तुकडी बंद झाली आहे. राज्य हिंदीचं, मराठी मुली दरवर्षी कमी, त्यामुळे आम्हा बावीस जणींना हिंदी तुकडीत बसवलं. कोणी फार मनाला लावून घेतलं नाही. हिंदी आम्हाला येत होतीच. बाजारात, बसमध्ये, शेजारी तीच चालायची. पण भाजीवाल्याशी हिंदीत बोलणं वेगळं आणि मुघल साम्राज्य का लयाला गेलं हे दीड पान हिंदीत लिहिणं वेगळं. मला उत्तर माहीत असायचं. ते आधी मनात मराठीत यायचं, मग मी त्याला हिंदीत बसवायचे, आणि तोवर बाजूच्या मुलीने दुसरी पुरवणी मागितलेली असायची.

तिमाहीला माझा ठिपका रेघेच्या आठ चौकोन खाली पडला.

बाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. “काहून?”

“माहीत नाही, बाई.”

“मले माहीत आहे. सोयरिकीचं डोक्यात शिरलं. आळस करून राह्यलीस तू.”

आळशी हा शब्द माझ्यासाठी त्याआधी कोणी वापरला नव्हता. मी पहाटे उठून पाठांतर करू लागले. शेवंताही खाली गेली होती. लाडवाची गोष्टच मिटली. तिच्या वडिलांनीही बाईंकडे येऊन कागद पाहिला होता आणि तिला सांगितलं होतं की छमाहीला रेघ गाठ, नाहीतर पुरे झालं. शेवंता म्हणाली, “आपल्या दोघींची काडी एकाच पाण्यात हाय वं इमल.” माझ्या वडिलांची काडी तिने माझ्याकडूनच ऐकली होती.

तुम्ही म्हणाल, इतक्या हुशार बाईंना दिसलं कसं नाही? मी स्वतः आता अनेक वर्षं शिकवते आहे, म्हणून सांगते. त्यांचा विषय गणित. आकड्याला भाषा नसते. गणितात आम्ही कोणी खाली गेलो नव्हतो. आणि त्यांच्या नियमाप्रमाणे त्या प्रत्येक कागद एकटा पाहत. एकीचं दुसरीसमोर काढायचं नाही, तुलना फक्त त्या मधल्या पोरीशी. दहा-बारा वर्षांच्या अनुभवात ठिपका खाली आला की कारण त्या मुलीच्याच घरी सापडलं होतं: आजारपण, लग्न, आळस. तेच त्या शोधत राहिल्या.

छमाही झाली. मला एकोणपन्नास. रेघ तिथे साठीला टेकली होती.

बाबा आले. बाईंनी कागद त्यांच्या हातात दिला आणि बोट ठेवलं. “खाली हाय,” एवढंच म्हणाल्या. बाबांना आनंद झाला नव्हता, हे मी सांगायला हवं. ते “बरं” म्हणाले आणि माझी दप्तराची पत्र्याची पेटी उचलून बाहेर गेले.

मी दारात थांबले. “बाई, आमच्या बावीस जणींपैकी एक तरी रेघेवर आहे का?”

“दुसरीच्या कागदाचं तुले काय कराचं?”

मी घरी गेले. रडले नाही, रडून काही होत नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पुस्तकं फळीवर ठेवली आणि धानाच्या मळणीला लागले. आईला वाटलं, पोरगी शहाणी आहे. मळणी करताना मला एकच गोष्ट डाचत होती. मी आळशी नव्हते, आणि ते सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. कागदावरचा ठिपका माझ्याच शाईचा होता.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, दुपारच्या बसने मेश्राम बाई रामपायलीत आल्या. छत्री आणि डबा. देवळापासून आमच्या घरापर्यंत विचारत विचारत आल्या असाव्यात, कारण त्यांच्यामागे चार पोरं आणि एक कुत्रं होतं. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. ते उठले.

“बसू नका,” बाई म्हणाल्या. “इकडं या. खाली पाहाचं हाय.”

त्यांनी डबा उघडला आणि सारवलेल्या अंगणात एकेक कागद मांडायला सुरुवात केली. वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येकावर अंगणातला एकेक खडा. चार ओळींत बावीस कागद. प्रत्येक कागदाचा नावाचा कोपरा त्यांनी आत दुमडला होता. त्या दिवशीही नियम मोडला नव्हता.

बाबा उकिडवे बसले. मी दारातून पाहत होते. बावीस रेघा वर चढत होत्या आणि बावीसही कागदांवर शाईचे ठिपके दहावीच्या तिमाहीपाशी एकदम खाली उतरले होते, पायरीवरून पाय घसरावा तसे.

“तुमच्या पोरीनं जाताना मले एक गोष्ट विचारली,” बाई म्हणाल्या. “मी तिले दटावलं. मंग घरी हे सगळे कागद भुईवर मांडले. बावीस पोरी एकाच महिन्यात आळशी होत नाही.”

बाबा शेतकरी माणूस. त्यांना पटकन दिसलं. “सगळ्याच बांध्यांचं पाणी उतरलं तर चूक बांधीची नाही. वरतून कुठंतरी फुटलं हाय.”

“हौ. ज्या पोरींशी मी इले तोललं त्या शेवटपर्यंत मराठीत लिहत होत्या. ही हिंदीत लिहून राह्यली. माह्या वहीतली मधली पोरगी इच्या कामाचीच नाही. रेघ चुकली. माही चुकली, इची नाही.”

मग त्यांनी दुसऱ्या ओळीतला माझा कागद उचलला, डब्यातून रबर काढलं आणि आमच्यादेखत ती रेघ खोडली. जोर लावून, पार शेवटपर्यंत. कागदावर नुसते माझे ठिपके उरले.

बाबा म्हणाले, “मंग खरी काडी कुठं रोवाची?”

“काडी नाही माह्यापाशी. मराठीतून नववी आणि हिंदीतून अकरावी, अशी पोरगी अजून झालीच नाही. ह्या पोरी पह्यल्या. ह्या जिथं पोचतील तिथून मागच्यांची रेघ निघन.”

“म्हणजे तुमी आज मले काहीच सांगून नाही राह्यल्या.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मागच्या खेपेला कागद दाखवला. आज मागून राह्यली. पोरगी परत पाठवा.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “इमल, जमन का तुले?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. खरं तेच होतं.

बाबांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला, जणू तेवढ्याने काही मोकळं होणार होतं. “नवं बियाणं आणलं का आपण पह्यल्या वर्षी एकाच बांधीत पेरतो. गेली तर एक बांधी गेली. मंगळवारच्या बसनं पाठवतो.”

आई चहा घेऊन आली. बाईंचा चहा वेगळ्या कपात होता, कोनाड्यात बाजूला ठेवलेला असायचा त्या कपात. मी ते पाहिलं. बाईंनीही पाहिलं. त्यांनी चहा पिऊन कप स्वतः विसळला, रांजणाजवळ पालथा ठेवला, बावीस कागद गोळा केले आणि बसला गेल्या. त्या गोष्टीवर त्या कधी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. इथे लिहिते आहे, कारण त्या दिवशी आमच्या घरात कोण मागायला आलं होतं आणि कोणी कसं दिलं, हे पूर्ण सांगायला हवं.

मंगळवारी मी शाळेत गेले. शेवंताची जागा रिकामी होती.

आठवड्याभराने बाईंनीच सांगितलं. त्या रविवारी त्या आधी वारासिवनीला उतरल्या होत्या. मुकादमाच्या दारात मांडव अजून उभा होता, आंब्याची पानं वाळून गेली होती. लग्न होऊन दहा दिवस झाले होते. बाई त्या मांडवाखाली बसल्या आणि मुकादमाला कागद दाखवून सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बाई, तुमचाच कागद पाहून तं मी होकार देल्ला.”

आमच्या अंगणात त्या आल्या त्या तिथून उठून. माझ्या बाबांसमोर ती रेघ इतका जोर लावून का खोडली, ते मला तेव्हा कळलं.

अकरावीपर्यंत आम्हा एकवीस जणींच्या कागदांवर रेघ नव्हती. शाळा सुटल्यावर बाई आम्हाला थांबवून घ्यायच्या आणि इतिहास-भूगोलाची उत्तरं हिंदीत लिहायला लावायच्या. त्यांचा विषय नव्हता. त्या आदल्या दिवशी हिंदी तुकडीतल्या मास्तरणींकडून शब्द विचारून यायच्या आणि आमच्याबरोबर चुकायच्या. मला बोर्डात चौपन्न टक्के मिळाले, सेकंड डिव्हिजन. ठिपका ठेवताना मी विचारलं, “बाई, हे वर की खाली?”

“आता कोणाले माहीत,” त्या म्हणाल्या आणि आकडा वहीत एका कोऱ्या पानावर उतरवून घेतला. त्या पानावरचा तो पहिला आकडा. बाबांनी कॉलेजला नाही म्हटलं नाही.

शिकून, अकरावीनंतर सहा वर्षांनी, मी त्याच शाळेत गणिताला लागले. बाईंच्या टेबलाच्या बाजूचं टेबल मला मिळालं आणि त्यांच्याबरोबर निकालाचं काम. आता प्रत्येक परीक्षेनंतर त्या सगळे कागद वर्गाच्या फरशीवर मांडायच्या, नावांचे कोपरे दुमडून, आणि आम्ही दोघी बाकावर चढून वरून पाहायचो. एकच ठिपका खाली दिसला तर त्या मुलीला बोलवायचं. सगळे खाली दिसले तर आपल्यालाच काहीतरी विचारायचं. एका वर्षी सगळ्या मुली विज्ञानात खाली गेल्या. प्रयोगशाळेच्या खोलीची किल्ली तीन महिने हरवली होती आणि कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या बाईंनी एकदा सुचवलं की रेघा सूचनाफलकावर लावाव्यात, म्हणजे मुलींना लाज वाटेल. मेश्राम बाई म्हणाल्या, “रेघ पोरीसाठी हाय. पोरीवर नाही.” आणि कुठल्याही वडिलांना त्यांनी पुन्हा कागद दाखवला नाही. कोणी मागितला तर सांगायच्या, “कच्चा हाय अजून.”

मी त्यांच्याशी भांडायचे. मला त्यांचं पेन्सिल तासत बसणं आवडत नसे, माझं अक्षर त्यांना आवडत नसे. “विमल, तुहा सात आहे का एक?” असं त्या रोज विचारायच्या. कोणी दुसरा तोच प्रश्न विचारेल म्हणून मी अजून सात नीट काढत नाही. कोणी विचारत नाही.

दर दिवाळीत मी गावाहून परतले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. “शेवंता दिसली का?”

शेवंता दिसायची. वारासिवनीला बसस्टँडजवळ तिच्या नवऱ्याची आटाचक्की होती आणि ती काट्यापाशी बसायची, भुवयांपर्यंत पिठाने पांढरी. मी बाईंना तेवढंच सांगायचे. एका वर्षी त्यांनी विचारलं, “काही म्हणते का माह्याबद्दल?”

“म्हणते की बाईले सांग, मी काही खाली नाही.”

बाई हसल्या. “रेघ कोणाकडून काढून घेतली तिनं?” मग उठून फळा पुसू लागल्या. फळा आधीच पुसलेला होता.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांच्या पायांवर सूज आली, मग दम लागू लागला, मग रजा. त्या जूनमध्ये नववीत नाव घालायला एक मुलगी माझ्यापुढे उभी राहिली. नाव माया. कपाळ पाहिलं आणि मला आडनाव वाचायची गरज पडली नाही.

“मौसी,” ती म्हणाली, “माँ ने कहा है, रेघ मेश्राम बाई से ही बनवाना.”

मी तिला घेऊन बाईंच्या घरी गेले. बाई भिंतीला उशी लावून बसल्या होत्या.

“कोणत्या घरची?” त्यांनी विचारलं.

“वारासिवनीची. शेवंताची.”

बाईंनी हात पुढे केला. मी पत्र्याच्या डब्याचं झाकण त्यांच्या मांडीवर ठेवलं, त्यावर चौकटीचा कागद, आणि पेन्सिल तासून दिली.

“आठवीत किती?”

“सैंतालीस.”

“आईपेक्षा आठ जास्त.” वही त्यांनी मागितली नाही. ती त्यांना पाठ होती.

“माँ तो बोलती है, वो आपकी लाइन के ऊपर थी.”

“होती,” बाई म्हणाल्या. “चार चौकोन.”

पट्टी त्यांच्या हातात ठरेना, म्हणून त्यांनी ती ठेवून दिली आणि हातानेच रेघ ओढायला सुरुवात केली. नववीची तिमाही, छमाही, सालाना. रेघ थरथरत होती, पण चढत होती. दहावीच्या छमाहीपाशी पेन्सिल थांबली. मी वाट पाहिली.

“दमली मी,” त्या म्हणाल्या. “पुढची मंग काढू.” आणि मायाला म्हणाल्या, “पेन्सिल माही, शाई तुही. समजलं?”

“हौ,” माया म्हणाली. तेवढं मराठी तिला येत होतं.

नवव्या दिवशी बाई गेल्या. डबा माझ्याकडे आला. त्यात वही होती, रबर होतं, आणि तळाशी शेवंताचा जुना कागद. त्याच्यावरची रेघही खोडलेली होती. आमच्या एकवीस जणींच्या ज्या दिवशी खोडल्या, त्याच दिवशी खोडली असावी, किंवा नंतर. ते आता विचारता येत नाही.

वर्गातल्या बाकीच्या मुलींच्या रेघा मी काढल्या. मायाची पुरी करणं एका मिनिटाचं काम होतं. वही माझ्याकडे, मधली पोरगी माहीत, पट्टी हातात. दोनदा कागद काढला आणि दोनदा ठेवून दिला. मी असल्या गोष्टींत वेळ घालवणारी बाई नाही. तरी तो कागद तसाच राहिला. माया ठिपके ठेवत गेली, रेघ होती तोवर रेघेच्या वर, आणि पुढे मोकळ्या चौकटींत.

अकरावीचा निकाल लागला त्या दिवशी शेवंता स्वतः आली. केसांत पीठ नव्हतं, साडी इस्त्रीची होती. मायाने शेवटचा ठिपका शाईने ठेवला, सत्तावन्न, आणि शेवंता माझ्या खांद्यावरून वाकून पाहू लागली.

“वर हाय का खाली?”

“शेवंता, तिथवर रेघच नाही.”

तिने बोट ठेवून रेघ पाहिली. बोट डावीकडून निघालं, थरथरणाऱ्या पेन्सिलीवरून चढत दहावीच्या छमाहीपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. मग पदराची गाठ सोडून तिने राजगिऱ्याचा एक लाडू काढला, टेबलावर कागदाशेजारी ठेवला आणि मोडला.

तुकडे सारखे पडले नाहीत. आम्ही दोघी पाहत राहिलो. मोठा कोणाचा आणि लहान कोणाचा, ते सांगायला बाई पाहिजे होत्या.